पर्यायी विनंती

मागच्या महिन्यात धारच्या माझ्या घराच्या दारात टपालवाल्याने एक पाकीट आणून दिले. पाकीट माझेच होते. देवासला रामराव जगदाळे यांच्या नावे मी स्पीड पोस्टाने पाठवलेले, आत सात पाने, वरच्या बाजूला ठळक अक्षरांत विषय. पत्त्यावर निळ्या शाईची आडवी रेघ मारलेली होती आणि शेजारी हिंदीत शेरा होता : ‘पाने वाले गुज़र गए. वापस.’ खाली सही होती, तारीख नव्हती. दिवाणी न्यायालयात न्यायाधीशांच्या शेजारी बसून दाव्यांच्या तारखा लावण्यात आणि नस्ती सांभाळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माझ्यासारख्या जुन्या रीडरला पहिला संताप आला तो त्या नसलेल्या तारखेचा. माणूस गेला याची नोंद आहे, केव्हा गेला याची नाही. ही कसली नोंद? मी टपालवाल्याला तसे सुनावलेही. तो बिचारा म्हणाला, “बाबूजी, हमें तो लिफ़ाफ़ा मिला, आपको दे दिया.” तो गेल्यावर मी पाकीट उलटसुलट करून पाहिले, मागे कुठे शिक्का दिसतो का म्हणून... आणि मग खुर्चीत बसलो. शाळेच्या बाकापासूनची मैत्री संपली होती, आणि ते मला कळवावे असे त्याच्या घरात कोणालाही वाटले नव्हते. त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. का म्हणता येत नाही, तेच इथे लिहायचे आहे.

रामरावाच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकाम. पवारांच्या दरबाराबरोबर सातारा प्रांतातून जी कारागीर घराणी माळव्यात आली, त्यांतले हे एक. आमचे घराणे त्याच दरबाराच्या दप्तरात. म्हणजे त्याच्या आजोबांनी भिंत बांधायची आणि माझ्या आजोबांनी तिची नोंद करायची. देवासच्या शाळेत आम्ही दोघे एका बाकावर आलो तेव्हा दरबार उरला नव्हता, चुन्याची कामेही संपत आली होती. बापाच्या हाताखाली तो चुना मळायला शिकला आणि त्याच हातांनी पुढे कारखान्यात यंत्रावर उभा राहिला. मी नोकरीनिमित्त धारला गेलो आणि तिथलाच झालो. वर्षातून तीनचार वेळा भेट, बाकी माझी पत्रे. तो कधीच उत्तर लिहीत नसे. फोन करून म्हणे, “भिया, तुझं पत्र मिळालं. चार पानं वाचली, अजून तू मुद्द्यावर यायचा आहेस. आला की सांग, मग पुढचं वाचतो.” त्याची जीभ अशीच होती. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर त्याने माझी ओळख करून दिली ती ‘धार ज़िले का सबसे लंबा आवेदन’ अशी. मी चिडलो, व्याही अजूनही मला त्याच नावाने हाक मारतात.

देवासला दोन संस्थाने होती हे वाचकांना ठाऊक असेल. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती. भर बाजारात, चौकाच्या कोपऱ्यावर, ‘सायर कचेरी’ म्हणून ओळखली जाणारी दुमजली इमारत आहे. येणाऱ्याजाणाऱ्या मालावरची जकात इथे वसूल होई. खाली सात कमानींचा सोपा, वर कारकून आणि पहारेकऱ्यांची बिऱ्हाडे. संस्थाने गेली, जकात गेली. इमारत एका सरदार घराण्याच्या वारसांकडे राहिली आणि बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली. रामरावाचा जन्म वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या दोन खोल्यांतला. वारस इंदूर, पुणे आणि परदेशात पांगलेले. पावसाळ्यात एक कमान खचली तेव्हा त्यांनी ठरवले की सगळे पाडावे आणि काचेचे संकुल उभारावे. रामरावाला तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. तो इंदूरला गेला, वारसांच्या बैठकीला जे हजर होते त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, पाडू नका. खाली सात कमानींत सात दुकाने काढा, वर पाच बिऱ्हाडे आहेत ती राहू द्या, मी हे चुन्यात उभे करून देतो. मजुरी नको, माझ्या दोन खोल्या मरेपर्यंत माझ्या. वारसांना ते पटले. का पटले हे मला त्या वेळी कळले नाही. आता कळते, की ज्याला कागद करायचा नसतो त्याला काहीही पटते.

तीन वर्षे काम चालले. मी गेलो की तो मला चौकातल्या ढिगाऱ्यावर बसवी आणि काम दाखवी. चुन्याच्या कळ्या हौदात भिजवून महिनेन्‌महिने मुरू द्यायच्या, विटांची भुकटी घालून मळायचे, बेलफळाचे आणि गुळाचे पाणी मोजून घालायचे, लिंपल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत राहायचे. त्याच्या हाताखालची माणसे त्याला भीत. त्याचा स्वभाव गोड होता असे खोटे मी लिहिणार नाही. काम करताना तो निर्दय माणूस होता. टोंकखुर्दकडून आलेल्या एका प्रौढ गवंड्याने लवकर सुकावे म्हणून एका भिंतीच्या गिलाव्यात मूठभर सिमेंट मिसळले. रामरावाने नखाने भिंत खरवडली, जिभेला लावली, आणि फावडे घेऊन सबंध भिंत, तीन आठवड्यांचे काम, एका दुपारात उतरवली. तो गवंडी, नातवंडे असलेला माणूस, तिथेच उभा राहून रडू लागला. रामराव म्हणाला, “रड, पण इकडे नको. आंसू में नमक होता है. चुन्याला मीठ चालत नाही. बाहेर जाऊन रड.” मी म्हटले, “रामा, हे फार झालं.” तर म्हणाला, “तू नको बोलू. तुझ्या कोर्टात माणूस वीस साल रडतो, तू त्याला पुढली तारीख देतो. मी निदान जागा दाखवली.”

कागदाबद्दल आमचे भांडण झाले ते त्याच ढिगाऱ्यावर. मी दोन खोल्यांच्या हक्काचा करारनामा तयार करून नेला होता. अकरा कलमे होती. वारसांच्या वारसांनाही बांधून ठेवणारी. त्याने चष्मा लावून पहिले पान वाचले आणि घडी घालून माझ्या खिशात परत ठेवले. “माझ्या आजाने ही इमारत उभी केली तेव्हा त्याच्याकडून कुणी लिहून घेतलं होतं का, की पडणार नाही म्हणून? उभी आहे ना?” मी सांगितले की भिंतीचा शब्द आणि माणसाचा शब्द यांत फरक असतो आणि तो फरक पाहण्यात माझा जन्म गेला. तो म्हणाला, “हो, म्हणूनच तुला कुणाची भिंत दिसत नाही, फक्त कोर्टाची मिसल दिसते.” मी तडक बसस्थानकावर गेलो. तो करारनामा माझ्या कपाटात अजून आहे. कलम सातमध्ये लिहिले आहे की खालच्या मजल्यावरील कोणत्याही फेरफारामुळे वरच्या निवासास बाधा येणार नाही. मी बरोबर होतो. बरोबर असण्याचा मला या वयात काय उपयोग, हे मात्र कोणत्याही कलमात सापडत नाही.

काम पुरे झाले आणि सगळ्यांनी वाखाणले. सात कमानींत सात दुकाने लागली : कापड, भांडी, औषधे, आणि कोपऱ्यावर बिस्किटे-चॉकलेटांची घाऊक एजन्सी. वर पाच बिऱ्हाडे परतली. सुमनवहिनींनी सज्जातल्या कठड्यावर तुळस ठेवली आणि रामराव रोज सकाळी तिथे उभा राहून खालच्या दुकानदारांना शिव्या देऊ लागला. कुणी कमानीवर फलक ठोकला, कुणी पायरीवर पाणी ओतले. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ होता असे माझे निरीक्षण आहे. तो दीड वर्ष टिकला.

एजन्सीच्या मालकाला मालाची गाडी आत घ्यायची होती. कमानीचा एक खांब आड येत होता. दसऱ्याच्या सुटीत, वरची बिऱ्हाडे गावी गेलेली असताना, त्याने त्या खांबाचा अर्धा भाग फोडला आणि वर लोखंडी तुळई टाकून रुंद शटर बसवले. रामराव परतला, त्याने पाहिले आणि मला फोन केला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “भिया, त्यांनी खांब कापला. माझ्या पायाखालचा.” मग म्हणाला, “काही करू नको. मी बोलतो त्याच्याशी. खांब परत बांधून देतो, त्याला दुसरीकडून रस्ता काढून देतो. बस तुला सांगितलं.”

मी काही करू नये, असे त्याने स्पष्ट सांगितले होते. हे मी इथे ठळकपणे नमूद करतो, कारण पुढे जे झाले त्याला मी जबाबदार नाही असा बचाव मला घ्यायचा नाही, आणि अन्य कोणी जबाबदार नाही असेही म्हणायचे नाही. मी त्याच दिवशी अर्ज लिहायला बसलो. ज्या कार्यालयाकडे तो केला त्याचे नाव देत नाही. माझे आणखी तीन अर्ज तिथे प्रलंबित आहेत. अर्ज उत्तम होता. जुन्या इमारतीच्या भारवाहक खांबास विनापरवाना इजा, त्यामुळे वरील पाच कुटुंबांच्या जीवितास धोका, सबब सदर दुकान तात्काळ बंद करून खांब पूर्ववत करण्याचा आदेश व्हावा, ही मुख्य विनंती. आणि तिच्याखाली, हाताच्या सवयीने, जशी प्रत्येक अर्जाच्या शेवटी लिहिली जाते, जशी मी हजारो दाव्यांच्या शेवटी वाचली होती, तशी पर्यायी विनंती : ‘किंवा, वरील मागणी मान्य करणे शक्य नसल्यास, वरील मजल्यावरील रहिवाशांच्या सुरक्षिततेसाठी योग्य ती उपाययोजना करण्यात यावी.’ पर्यायी विनंती कोणी वाचत नाही. ती असावी लागते म्हणून असते. मुख्य मागणी फेटाळली तर हात अगदी रिकामे राहू नयेत, एवढ्यासाठी.

कार्यालयाने ती वाचली. दुकान बंद करायचे तर दुकानदाराशी भांडण. मालाची आवक, व्यापारी संघटना, कुणाचा तरी फोन. म्हातारी माणसे वरून उतरवणे सोपे. एक तरुण अभियंता आला, त्याने लोखंडी तुळईवर हातोडी मारली, ती वाजली. मग चुन्याच्या भिंतीवर मारली, ती वाजली नाही. एवढ्यावर अहवाल झाला. तळमजला लोखंडी आधारामुळे व्यवसायासाठी सुरक्षित. वरचा मजला निवासासाठी असुरक्षित, सबब ‘आवेदक की वैकल्पिक प्रार्थना स्वीकार करते हुए’ तो पंधरा दिवसांत रिकामा करावा. चार बिऱ्हाडांना दुसरीकडे घरे होती; ती गेली. वारसांनी कळवले की आदेशापुढे त्यांचा नाइलाज आहे. नाइलाज हा शब्द मी त्या पत्रात तीन वेळा मोजला.

मी देवासला धावलो. रामराव सज्जात पेट्या बांधत होता. मी सांगू लागलो की हा आदेश टिकणार नाही, सुनावणी दिलेली नाही, तांत्रिक अहवाल एकतर्फी आहे, तीस दिवसांत अपील करता येते. तो ऐकत राहिला. मग त्याने आदेशाची प्रत काढली आणि बोट ठेवले.

“आवेदक म्हणजे तू ना?”

“हो, पण मुख्य विनंती...”

“तुझी प्रार्थना स्वीकार झाली म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज वाचलेस, पहिल्यांदा तुझा मंजूर झाला.” तो आत वळून म्हणाला, “सुमन, रीडर साहेबांचं काम झालं. पेढे असतील तर दे त्यांना.”

वहिनी आतून आल्या नाहीत. मी म्हणालो, “रामा, मी तुझ्यासाठीच...” तो म्हणाला, “माहिती आहे. म्हणून तर मी तुला काही करू नको म्हणालो होतो.” आणि पेटीची दोरी घट्ट ओढली. आमच्यात बोलले गेलेले ते शेवटचे वाक्य.

त्यानंतर मी त्याला नऊ पत्रे लिहिली. अपिलाची स्थिती, फेटाळणीची कारणे, पुढला मार्ग, माझ्या अर्जाचा मूळ हेतू, त्या हेतूचे पुरावे. एकाचेही उत्तर आले नाही आणि फोनही आला नाही. दहावे परत आले, ते मी सुरुवातीस सांगितले. शेरा वाचल्यानंतर चौथ्या दिवशी मी देवासला त्याच्या मुलाच्या, सुनीलच्या घरी गेलो. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत, सगळ्यांत वरच्या मजल्यावर. सुनीलने दार उघडले, “आइए काका” म्हणाला आणि बाहेर निघून गेला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तारीख मी विचारली. त्यांनी सांगितली. मी खिशातली वही काढून ती लिहून घेतली, आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

“गच्चीखालची खोली आहे ही,” त्या म्हणाल्या. “दुपारी स्लॅब तापतो. हे भिंतीला हात लावायचे आणि म्हणायचे, हिला बुखार आहे, हिला आधी दाखवा. शेवटी त्यांना पण बुखार आला. पाच दिवस.”

मी पत्रांबद्दल विचारले. विचारायला नको होते. पण हे न विचारता परत गेलो असतो, तर त्यावरही मी एक पत्र लिहिले असते.

“आली की ठेवून द्यायचे. त्यांना दिसत नव्हतं नीट. एकदा मी वाचून दाखवायला बसले. दुसऱ्या पानावर थांबवलं मला. म्हणाले, पुरे कर, यात मी कुठंच नाही, नुसती कलमं आहेत.” मग त्या म्हणाल्या, “तुम्ही एक ओळ लिहायची होती भाऊजी. चुकलो म्हणून. ती त्यांनी दहा वेळा वाचून घेतली असती माझ्याकडून.”

नऊ पत्रांत मिळून माझी साठावर पाने झाली असतील. त्यांत ती ओळ नाही. घरी आल्यावर मी प्रती तपासल्या. ‘अनवधानाने’ आहे, ‘दुर्दैवाने’ आहे, ‘अनपेक्षित परिणाम’ दोनदा आहे. ज्या माणसाने एका गवंड्याला मूठभर सिमेंटासाठी क्षमा केली नाही, त्याने मला केली असती की नाही हे मला सांगता येत नाही. मी मागितली नाही, एवढे मात्र सिद्ध आहे. अभियंता हातोडी घेऊन आला, वारस नाइलाज घेऊन आले, दुकानदार शटर घेऊन आला. त्या सगळ्यांना रस्ता मी बांधून दिला, स्वच्छ अक्षरात, तीन प्रतींत.

वहिनींकडून निघाल्यावर सायर कचेरीकडे जायचे नाही असे ठरवले होते. पण रिक्षा चौकातूनच गेली आणि मी उतरलो. उन्हाचा कहर होता. एजन्सीचा मालक, चाळिशीचा अदबशीर माणूस, गल्ल्यावरून उठून पुढे आला. “अंकल, आप धार वाले हैं न? आवेदन आपका ही था.” त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. आभार होते, हे अधिक वाईट. वर जाता येईल का, असे मी विचारले. “बिल्कुल, अब तो अपना ही है ऊपर.” आदेशाने वरचा मजला निवासासाठी असुरक्षित ठरवला आहे. माल निवास करत नाही. वारसांनी ती जागा त्याला गोदाम म्हणून दिली, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात दोष काढायला मला जागा नाही, मी शोधली.

शेवटच्या दोन खोल्यांत छतापर्यंत खोकी रचलेली होती. खिडकीजवळ माणूसभर जागा होती. मी एका खोक्यावर बसलो. बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ झाले होते, आणि आत येताच माझ्या पाठीवरचा घाम सुकू लागला. मालकाने पंखा लावला नाही. तिथे पंखाच नव्हता. “चॉकलेट का माल है, अंकल. नीचे ए.सी. में भी पिघल जाता है. यहाँ मई में भी बिना ए.सी. के रखा रहता है, एक पीस नहीं बिगड़ा.” त्याने भिंतीवर कौतुकाने थाप मारली. “क्या चीज़ बनाई थी बुड्ढे ने.”

तो खाली गेला. मी भिंतीला पाठ टेकली. घोटलेला चुना, कुठेही भेग नाही, हात फिरवला तर शिंपल्यासारखा. खोलीत साखरेचा आणि पुठ्ठ्याचा वास होता. मी एक ओळ लिहावी म्हणून वही काढली. पण ती आता कोणाच्या नावे लिहायची, हे ठरेना. मग वही मिटली आणि बसून राहिलो. रामरावाने त्या भिंतीत जे ठेवले होते ते सगळे शाबूत होते, आणि ते बिस्किटांच्या शेजारी बसून मला मिळत होते.

त्या खोलीत माणसाने राहू नये असा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आहे. त्या दिवशी मी तिथे दुपारी दोनपासून साडेपाचपर्यंत राहिलो. हे मी येथे लेखी कबूल करतो.